न दिसणारं अक्षर

मुलांनो, दगडाला ठेच लागली तर निदान दगड तरी दिसतो. पण जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, तिची ठेच लागली तर? मला लागली. आणि ती वस्तू म्हणजे एक अक्षर होतं! पडद्यावर दिसत नव्हतं, कागदावर उमटत नव्हतं, तरी त्यानं मला दोन दिवस जागच्या जागी अडवून धरलं. त्याचीच ही हकिकत. हकिकत संगणकाची आहे, पण घाबरू नका. हिच्यात आज्या आहेत, माझे मामा आहेत आणि थोडंसं दह्याचं विरजणही आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहे. आमचं गाव तसं नवंच म्हणायचं. जुनं गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडलं, आणि मग ते दुसऱ्या जागी नव्यानं वसवलं गेलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपली होती. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. ते झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आईनं मला पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं, एवढंच मला आठवतं.

तुमचा तर तेव्हा जन्मही नव्हता. म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या सहावी-सातवीच्या मुलांनी एक उपक्रम केला. प्रत्येकानं आपल्या घरच्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला त्या पहाटेबद्दल विचारायचं आणि त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपायचं. एकतीस जणांचे आवाज जमले. कुणी सांगितलं, की दावणीची बैलं रात्रभर उभीच होती. कुणी सांगितलं, की ढिगाऱ्यातून आधी पाटी निघाली आणि मग पाटी धरलेला हात. एका आज्जीनं मात्र भूकंपाचं एक अक्षर काढलं नाही. ती जुन्या घरातलं जातं, देवळी, परसातली लिंबाची सावली यांबद्दलच बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "एवढंच लिवून ठिवा."

माझ्या मोबाइलमधली जागा भरली, म्हणून मी ते सगळे आवाज शाळेच्या संगणकावर हलवले आणि मोबाइलमधून काढून टाकले. मुलांनो, ही माझी पहिली चूक. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू ठेवल्यासारखी नसतेच, हे मला कळायला फार दिवस लागले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीला तीन-चार दिवस उरले होते. संगणक चालू होता, तो स्वतःची काहीतरी दुरुस्ती करत होता, आणि वीज गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. ती बदलायची राहून गेली, ही माझी दुसरी चूक. वीज आली, पण संगणक काही उठेना. निळा पडदा यायचा, थोडं गरगरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. लातूरच्या दुकानदारानं तपासलं आणि सरळ सांगितलं, "सर, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो. पण आतलं काही राहायचं नाही."

मी संगणक तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी माझ्यापाशी आली. जातं-देवळी सांगणाऱ्या आज्जीची ती नात. आज्जी दसऱ्याच्या आधीच वारली होती. तिनं हळूच विचारलं, "सर, आज्जीचा आवाज हाय न्हवं तुमच्याजवळ?"

मी "हाय" म्हणालो. काय करणार? पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता थोडं समजून घ्या. संगणक बंद पडला म्हणजे त्याच्यातलं सगळं गेलं, असं नसतं. शाळेच्या कुलपाची किल्ली हरवली तर वर्गातले बाक थोडेच नाहीसे होतात? बाक आतच असतात, फक्त दार उघडत नाही. आमचे आवाजही हार्डडिस्कवर असणार होते. आत जायला दुसरं दार हवं होतं. असं दुसरं दार पेनड्राइव्हवर बनवता येतं. पेनड्राइव्ह लावायचा आणि संगणकाला सांगायचं, "बाबा, आज तू तुझ्या डिस्कवरून उठू नकोस, या पेनड्राइव्हवरून ऊठ."

संगणक उठण्याला 'बूट होणं' म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. हा शब्द बुटाच्या मागे असलेल्या पट्टीवरून आला. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणच आपल्याला वर उचलायचं, अशी ती गमतीची कल्पना. आपल्याकडची उपमा द्यायची तर विरजणाची देता येईल. दही लावायला काय लागतं? थोडंसं दही! तसंच संगणकात मोठी आज्ञावली चालू करायला आधी एक छोटी आज्ञावली लागते. ती एका चिपमध्ये कायम बसवलेली असते. वीज आली की ती जागी होते, डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठरावीक जागी पाहते, तिथून पुढची आज्ञावली उचलते, आणि बघता बघता सगळं दही लागतं. म्हणूनच नुसती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही. ती ठरावीक पद्धतीनं, जागच्या जागी उतरवावी लागते.

नांदेडला माझा डी.एड.चा एक मित्र आहे. त्यानं पूर्वीच माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून दिली होती. लिनक्सची गोष्ट तुम्हाला आवडेल. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलानं १९९१ साली आपण असं काहीतरी करतोय, हे जगाला कळवलं. पुढं त्यानं ते सगळ्यांना फुकट वापरायला, उघडून बघायला आणि सुधारायला देऊन टाकलं. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्या सी-डॅक या संस्थेनंही भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाची लिनक्सची आवृत्ती काढली. केरळमधल्या सरकारी शाळांत तर मुलं लिनक्सवरच शिकतात. या लिनक्सची आणखी एक खुबी अशी, की ती पेनड्राइव्हवरूनच चालवता येते. डिस्कला हातही लावावा लागत नाही. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

मित्रानं मोबाइलवर मला एक 'स्क्रिप्ट' पाठवली. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी. आई तुम्हाला दुकानात पाठवताना चिठ्ठी देते ना, तशी. या चिठ्ठीत मुख्य कामं दोनच होती. पहिलं, उतरवून घेतलेली लिनक्सची तीन जीबीची फाइल अस्सल आहे का, वाटेत मोडतोड झालीय का, हे तिच्या ठशावरून ओळखायचं. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो, तसा फाइलचाही चौसष्ट अक्षरांचा ठसा काढता येतो, बरं का! फाइलमध्ये एक बारीकसा फरक पडला तरी सगळा ठसा बदलतो. आणि दुसरं, ती फाइल पेनड्राइव्हवर नीट उतरवायची.

आमच्या गावात इंटरनेट गोगलगाईच्या चालीनं चालतं. म्हणून मी लातूरला एका ओळखीच्यांच्या विंडोज संगणकावर ती मोठी फाइल उतरवून घेतली. तिथंच मित्राची चिठ्ठी नोटपॅडमध्ये चिकटवली आणि दोन्ही फाइली लॅपटॉपवर घेतल्या. दिवाळीला आई माहेरी, नांदेडला निघाली होती. मीही लॅपटॉप पिशवीत घालून एसटीत बसलो. चाकूर, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी मामांच्या घरी पोचलो. म्हटलं, तिथं निवांत करू. अडलंच तर मित्रही नांदेडातच आहे.

फराळाचं खाऊन झालं. लॅपटॉप उघडला, स्क्रिप्ट चालवली, आणि एका ओळीत उत्तर आलं. त्याचा अर्थ होता : 'वाईट दुभाषा. अशी फाइल किंवा फोल्डर नाही.'

फाइल नाही? अहो, फाइल तर माझ्या डोळ्यांसमोर होती! मी पुन्हा चालवली. पुन्हा तेच. फाइलचं नाव बदललं. जागा बदलली. पेनड्राइव्ह बदलला. मित्राला फोन लावला, तर तो सुट्टीला शेतावर गेलेला आणि तिथं रेंज नाही. दुसऱ्या दिवशी ती तीन जीबीची फाइल पुन्हा उतरवली. मोबाइलचा डेटा संपला, पण उत्तर तेच राहिलं. मुलांनो, मी वर्गात तुम्हाला रोज सांगतो, "प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा." आणि मी स्वतः काय करत होतो? संगणकाचं म्हणणं अर्धवट वाचून हातपाय आपटत होतो.

माझे मामा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी उभं आयुष्य नांदेडच्या कोर्टाच्या आवारात टाइपरायटरवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात घालवलं. ते माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"काय करलालास रे दोन दिवसांपासून?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ सावकाश वाचली. मग बोट ठेवून म्हणाले, "हे इथं टोपीसारखं चिन्ह आणि पुढं एम कशाला आहे? तुझ्या चिठ्ठीत आहे का हा एम?"

मी चिठ्ठी उघडून पाहिली. पहिल्या ओळीच्या शेवटी 'बॅश' हा शब्द होता. त्याच्यापुढं काहीच नव्हतं. एम नव्हता, टोपी नव्हती. पण तक्रारीत मात्र 'बॅश'च्या शेपटीला टोपी आणि एम चिकटलेले होते!

तेव्हा कुठं मी मामांच्या मोबाइलवर शोधलं, आणि उत्तर मिळालं. ते न दिसणारं अक्षर होतं. त्याचं नाव 'कॅरेज रिटर्न'.

हे नाव ऐकताच मामा हसायलाच लागले. "अरे, हे तर माझं रोजचं काम!" म्हणाले, आणि त्यांनी माळ्यावरून त्यांचा गोदरेजचा जुना टाइपरायटर काढायला लावला. (गोदरेजनं भारतात टाइपरायटर बनवायला १९५५ साली सुरुवात केली होती.) धूळ झटकली, कागद चढवला आणि मामांनी मला धडा दिला. मी तो तुम्हाला देतो.

टाइपरायटरवर एकेक अक्षर उमटतं तसा कागद धरणारा वरचा भाग डावीकडं सरकत जातो. त्याला 'कॅरेज' म्हणतात. ओळ संपत आली की टिंग! अशी घंटी वाजते. मग डावीकडचा दांडा उजवीकडं ढकलायचा. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात. कागद एक ओळ वर सरकतो, आणि कॅरेज पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येतं. मामांनी नुसता रूळ फिरवला आणि टाइप केलं. कागद वर सरकला, पण पुढची ओळ मधूनच सुरू झाली, जिन्याच्या पायरीसारखी. मग नुसतं कॅरेज मागं ढकललं, तर जुन्याच ओळीवर नवी अक्षरं बसली आणि सगळं काळंमिट्ट झालं. म्हणजे कामं दोन आहेत, आणि दोन्ही हवीत.

पुढं तारेवरून मजकूर पाठवणारी टेलिप्रिंटर यंत्रं आली. त्यांना ही दोन कामं दोन वेगळ्या खुणांनी सांगावी लागत. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे देण्याचं एक कोष्टक ठरलं. त्याचं नाव 'आस्की'. त्यात 'कागद वर सरकव' याला १० हा आकडा, आणि 'कॅरेज मागं आण' याला १३. आता इंग्रजी मुळाक्षरं बोटांवर मोजा पाहू. तेरावं अक्षर कोणतं? एम! म्हणूनच त्या न दिसणाऱ्या अक्षराचं बोलीतलं नाव 'टोपी एम'. मग दहाचं कोणतं असेल? ते तुम्हीच मोजा.

संगणकाला कॅरेज नसतं, पण खुणा मात्र राहून गेल्या. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या प्रणालीनं ठरवलं, की ओळ संपली हे सांगायला एकटा १० पुरे. लिनक्स त्याच घराण्यातली. १९८१ ची एमएस-डॉस आणि तिच्यामागून आलेली विंडोज यांनी मात्र १३ आणि १० दोन्ही ठेवले. दोघांचंही खोटं नाही. दोन घरांच्या दोन रीती, एवढंच. मी विंडोजच्या नोटपॅडमध्ये चिठ्ठी साठवली, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी एक १३ गुपचूप येऊन बसला होता.

आणि स्क्रिप्टची पहिली ओळ काय सांगते? ही चिठ्ठी कोणी वाचायची, त्या दुभाष्याचं नाव. तो दुभाषा म्हणजे 'बॅश'. पण माझ्या चिठ्ठीत झालं होतं 'बॅश-टोपी-एम'. समजा, हजेरी घेताना मी कुणाच्या नावाला एक जादा अक्षर जोडून हाक मारली, तर तो वर्गात असूनही 'हजर' म्हणेल का? तसंच झालं. संगणक म्हणत होता, "या नावाचा दुभाषा इथं नाही." आणि मी समजत होतो, की तो माझ्याच फाइलला नाही म्हणतोय. तक्रार कोणाबद्दल आहे, हेच मी नीट वाचलं नव्हतं!

उपाय अगदी सोपा निघाला. लिनक्सच्या मजकूर लिहायच्या आज्ञावलीत चिठ्ठी उघडली, 'सेव्ह ॲज' केलं, आणि ओळ कशी संपवायची त्या पर्यायात 'युनिक्स-लिनक्स' निवडलं. झालं! सगळे १३ उडून गेले. मी आनंदानं पेनड्राइव्ह लावला, हुकूम टाइप केला, पासवर्ड दिला आणि 'एंटर' दाबायला बोट उचललं.

"थांब," मामा म्हणाले. "टाइप केलेला कागद एकदा मोठ्यानं वाचल्याशिवाय मी कुणाची सही घेतली नाही. आधी वाच."

मला घाई झाली होती. पण मामांपुढं काय बोलणार? मी चिठ्ठी ओळीओळीनं वाचू लागलो. शेवटच्या ओळीत होतं, की ही फाइल 'एसडीए' नावाच्या जागी उतरव.

"एसडीए म्हणजे काय?" मामांनी विचारलं.

"पेनड्राइव्हचं नाव, मामा."

"तुझ्या मित्राच्या यंत्रात असेल. तुझ्या यंत्रात पण हेच नाव आहे का?"

मी जोडलेल्या डिस्कांची यादी मागवली. यादी आली, आणि माझ्या हातापायांना घाम सुटला. एसडीएपुढं आकार होता ५०० जीबीच्या आसपासचा, आणि एसडीबीपुढं १६ जीबीच्या आसपासचा. पेनड्राइव्ह १६ चा. म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये एसडीए हे त्याच्या स्वतःच्या हार्डडिस्कचं नाव होतं! मित्राचा लॅपटॉप नवा, त्याची आतली डिस्क वेगळ्या जातीची आणि तिचं नाव वेगळं. म्हणून त्याच्याकडं पेनड्राइव्हला एसडीए म्हणतात. मी 'एंटर' दाबलं असतं, तर माझ्या लॅपटॉपवर नांगर फिरला असता. मुलांचे निकाल, सहा वर्षांचे सहलींचे फोटो, सगळं गेलं असतं. संगणकानं विचारलंही नसतं. तो सांगितलेलं ऐकतो, मनातलं ऐकत नाही.

मुलांनो, जरा विचार करा. पहिल्या दिवशी स्क्रिप्ट सुरळीत चालली असती तर? मी काही न वाचता 'एंटर' दाबलं होतं, एकदा नाही, दहा वेळा! त्या न दिसणाऱ्या अक्षरानं मला दहाही वेळा अडवलं. ज्याला मी दोन दिवस शिव्या देत होतो, त्यानंच मला वाचवलं होतं.

एसडीएचं एसडीबी केलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग 'एंटर' दाबलं. काही मिनिटांत पेनड्राइव्ह तयार झाला.

सुट्टी संपल्यावर शाळा भरली. सातवीची सगळी पोरं संगणकाभोवती गोळा झाली. पेनड्राइव्ह लावला, चालू करताना 'एफ १२' ची कळ दाबली (काही संगणकांवर ती वेगळी असते), आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडला. पडद्यावर लिनक्स उठली. डिस्कचं चित्र दिसलं. ते उघडलं, फोल्डर उघडलं. पोरं मोजू लागली, "एकोणतीस, तीस, एकतीस!" मी त्या मुलीला म्हणालो, "ये, तूच उघड." तिनं उघडलं. जातं, देवळी, परसातली लिंबाची सावली. वर्गात कुणी बोललं नाही. शेवटी आज्जी म्हणाली, "एवढंच लिवून ठिवा," आणि मुलगी डोळे पुसत हसली. "बगा सर, माझी आज्जी कशी बोलायची."

आता ते एकतीस आवाज तीन ठिकाणी आहेत. एक प्रत शाळेत, एक माझ्याकडं, आणि एक ज्याच्या त्याच्या घरी. दुकानदाराला नंतर संगणक खुशाल फॉरमॅट करू दिला.

पालकांनाही एक विनंती. असा पेनड्राइव्ह बनवताना त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून मुलांना हे काम एकट्यानं करू देऊ नका. शेजारी बसा. तुम्हाला संगणक येत नसला तरी बसा. माझ्या मामांना कुठं येत होता? त्यांनी फक्त विचारलं, "हे म्हणजे काय?" आणि तेवढ्यानंच सगळं वाचलं.

आणि मुलांनो, तुमच्या घरी आज्जी-आजोबा असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना त्यांच्या जुन्या घराबद्दल विचारा. टिपून ठेवा. आणि हो, एकाच ठिकाणी ठेवू नका!